डावीकडचा कॅमेरा

पुसद
२४ ऑगस्ट २०२५

नयन,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच ठेवून देशील म्हणून वर तुझ्याऐवजी तुझ्या बायकोचं, अर्पिताचं नाव घातलं. तिनं हे तुझ्या हातात दिलं असेल तर तिला माझ्याकडून थँक्यू सांग.

दोन वर्षांनी लिहितेय आणि कारण काय, तर गाडी. बाबांना गाडी घ्यायची आहे. तू तिकडे चाकणला गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात आहेस, तुला त्यातलं कळतं, म्हणून विचारते. फोन केला असता, पण संध्याकाळी माझा फोन बाबांच्या हातात असतो. त्यावर ते गाड्यांचे व्हिडिओ बघतात. आणि फोनवर आपण दोघं बोलायला लागलो की कुठं जाऊन पोचतो, ते मागच्या वेळी पाहिलंच आहे.

मावशीच्या बंटीच्या लग्नात जे झालं त्याबद्दल मला लिहायचं नाही. सगळे पाहुणे बघत असताना तू रेवाला जीपमधून खाली ओढलंस आणि म्हणालास, 'बाबा चालवणार असतील तर माझी पोरगी बसणार नाही.' जन्मभर एस.टी. चालवलेल्या माणसाला तू हे बोललास. त्या दिवसापासून बाबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. बघ, लिहायचं नाही म्हणाले आणि लिहून बसले.

तर गाड्या. तीन ठरल्यात, तिन्ही त्या छोट्या एसयूव्ही म्हणतात तशा. नावं आणि मॉडेल मागच्या पानावर आहेत, पण आमच्या घरात त्या रंगानं ओळखल्या जातात. पांढरी उंच आहे, आपल्या रस्त्यांवर पोट घासणार नाही, आणि मागं तिघं आरामात बसतात. निळी सीएनजीवर चालते, पण डिकीत सिलिंडरच बसतो, आपलं सामान डोक्यावर घ्यायचं. विटकरी तिघींत आखूड. तानाबाई मावशी मागं बसली तर शेजारी फक्त तिची पिशवी मावेल.

बाबांचं मन विटकरीवर आहे. तेही टॉप मॉडेलवर. साबणाची वडी झिजली की ती नव्या वडीला चिकटवणारा माणूस टॉप मॉडेल मागतोय. मी म्हटलं, पांढरी घ्या, सगळे तीच घेतात. तर म्हणाले, "सगळ्यायचं सगळ्यायजवळ."

तुझं मत कळव. शाळेच्या पत्त्यावर कळव, घरी नको. बाबांची तब्येत चांगली आहे. काळजीसारखं काही नाही.

ताई

---

पुसद
९ सप्टेंबर २०२५

नयन,

पाकीट शाळेत मिळालं. टाईप केलेलं पान, तीन गाड्यांचे तीन रकाने, खाली सहीसुद्धा नाही. ऑफिसला कोटेशन आल्यासारखं वाटलं. तरी बरं वाटलं. तुझ्या तक्त्यात पांढरीच पहिली आली, ते मी बाबांना सांगितलं. कोणी केला तक्ता, ते सांगितलं नाही.

पानाच्या तळाशी तू पेनानं एवढंच लिहिलंस, 'चालवणार कोण?'

मी चालवणार. गेल्या वर्षी मोटार ट्रेनिंगवाल्याकडे जाऊन लायसन काढलंय. बाबा गावातल्या गावात चालवतील.

शनिवारी आम्ही यवतमाळला जाऊन तिन्ही गाड्या बघून आलो. आधी दोन शोरूम झाल्या, विटकरीच्या शोरूममध्ये शेवटी गेलो. तिथं कपिल नावाचा सेल्समन होता, बोलायला गोड. मला वाटलं होतं बाबा बॉनेट उघडायला लावतील, इंजिनात हात घालतील, मायलेजवरून त्याला घाम फोडतील. त्यातलं काही नाही. सरळ स्टेअरिंगवर जाऊन बसले आणि डावा इंडिकेटर दिला. त्या गाडीत डावा इंडिकेटर दिला की समोरच्या छोट्या पडद्यावर डाव्या बाजूचा रस्ता दिसतो. डाव्या आरशाखाली कॅमेरा असतो त्याचा. बाबांनी इंडिकेटर बंद केला. परत दिला. परत बंद केला.

"काका, सनरूफ दाखवू का?" कपिलनं विचारलं.

"नाई. हे डावीकडचं रात्रीबी दिसते का?"

"दिसते ना."

"अन् पाण्यात? त्या कॅमेऱ्यावर चिखल उडला तं?"

"पुसून घ्यायचं काका."

"चालता चालता कसा पुसू?"

कपिल हसला, मीही हसले. लहान पोराला खेळणं मिळावं तसे बाबा त्या पडद्याकडे बघत होते. मग विचारलं, हा कॅमेरा खालच्या मॉडेलात येतो का. नाही येत. "मंग टॉपच लिहा," म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही. बुकिंग करून टाकलं. दसऱ्याला गाडी मिळणार.

टेस्ट ड्राइव्ह चांगल्या झाल्या.

ताई

---

पुसद
१४ सप्टेंबर २०२५

नयन,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. टेस्ट ड्राइव्ह चांगल्या झाल्या असं मी लिहिलं होतं. पहिली चांगली झाली नव्हती.

पांढरी चालवत होतो. बाबा स्टेअरिंगवर, त्या शोरूमचा माणूस त्यांच्या शेजारी, मी मागं. आर्णी रोडवर थोडं पुढं जाऊन डावीकडे वळायचं होतं. डाव्या बाजूनं एक बाई स्कूटीवर चालली होती, समोर लहान मूल उभं. मला ती मघापासून दिसत होती. म्हणजे आपल्या बरोबरीनंच चालली होती ती. बाबांनी इंडिकेटर दिला, आरशात बघितल्यासारखं केलं आणि वळवली. त्या माणसानं ओरडून स्टेअरिंग धरलं. बाबांनी ब्रेक मारला. स्कूटी आमच्या आणि कठड्याच्या मधून कशी निघाली, मला कळलं नाही. बाईनं पुढं जाऊन गाडी थांबवली, मागं वळून बघितलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

बाबा म्हणाले, "कुठून आली हे बाई?"

"काका, ती कवाची बाजूनं चालून राह्यली होती," तो माणूस म्हणाला.

"ह्या गाडीचा समोरचा खांब लय जाड हाय. खांबाच्या आड गेली ते."

काचेच्या बाजूचा खांब. मी तो बघितला. खरंच जाड होता. मी मान हलवली, नयन, कारण मला तो खांबच हवा होता. निळीच्या वेळीही बाबा म्हणाले, हिचाबी खांब जाड हाय. मी म्हटलं, हो.

विटकरीच्या पडद्याचं कौतुक घेऊन आम्ही घरी आलो. चार दिवस मी शाळेत शिकवत होते आणि डोक्यात तोच इंडिकेटर टकटक करत होता. ज्याला फक्त डावीकडचं बघायचंय, त्याला डावीकडचं का बघायचं असेल?

परवा संध्याकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून तूर निवडत बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. हात लांब केला तर खांद्याला लागेल इतकी जवळ. ते निवडत राहिले. मी हात वर केला, हलवला. काही नाही. मग त्यांनी सूप ठेवायला मान वळवली आणि दचकले.

"कवा आली तू?"

"आत्ताच," मी म्हटलं, आणि आत जाऊन मोरीत नळ सोडून उभी राहिले.

त्यांना डावीकडचं दिसत नाही. आणि ते त्यांना माहीत आहे. म्हणून ती गाडी.

आता मला खरं सांग. लग्नाच्या दिवशी दिग्रसहून येताना तू जीपमध्ये मागं बसला होतास. तू काय बघितलं होतंस?

ताई

---

पुसद
२८ सप्टेंबर २०२५

नयन,

तुझं पत्र मिळालं. बैलगाडीला घासून जीप गेली, बैलाचं शिंग पत्र्याला लागल्याचा आवाज आला आणि बाबा म्हणाले, 'कोणती बैलगाडी?' हे वाचून मी स्टाफरूममधून उठून बाहेर गेले. तू पुढं लिहिलंस, 'मी सांगितलं होतं. बुकिंग रद्द कर.'

तू सांगितलं नव्हतंस. तू मांडवाच्या दारात त्यांचं नाक कापलंस आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास. बैलगाडी तू आज सांगतोयस. हेच त्या रात्री मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर दोन वर्षांचं औषध त्यांच्या डोळ्यात पडलं असतं. मला भांडायचं नाही, कारण मला तुझी गरज आहे. पण हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

मी त्यांना यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नंबर बदलायचा म्हणून नेलं. तिथं एक मशीन असतं, त्यात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठंही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी मुलगी अस्मा नावाची होती. तिनं समजावलं आणि मशीन सुरू केलं. बाबा टक टक टक बटण दाबत गेले, डेपोतल्या प्रत्येक मेडिकलला पास झालेला माणूस. थोड्या वेळानं अस्मानं मशीन थांबवलं.

"काका, उजेड नव्हता तेव्हाही तुम्ही दाबून राह्यले."

बाबांनी बटणावरचा अंगठा काढला.

"मशीनला समजते काका. परत करू. दिसलं तरच दाबा हं. नाही दिसलं तर राहू द्या, काही होत नाही."

दुसऱ्या वेळी बटणाचा आवाज फार थोडा आला. मी बाजूच्या बाकावर बसून तो ऐकत होते. मधे इतकी शांतता जायची की मला वाटायचं, आता उठून जावं.

काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्यात सुरुवात आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं. गाडी चालवायची नाही. बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "थेंब दिवसातून किती वेळा?" जणू दुसरं काही कानावर आलंच नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बुकिंग रद्द करू बाबा."

"कायले?"

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना तुम्ही?"

"म्हून तं ते गाडी घेऊन राह्यलो. डावीकडचं ते पायते, समोरचं मी पायतो."

"आणि कोणी आडवं आलं तर?"

"आजवर कोणी आलं काय?"

मी स्कूटीवाल्या बाईचं नाव काढलं. ते उठले, थेंबाची बाटली शोकेसमध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "दिवाळीले मी पुण्याले जातो. माही गाडी घेऊन. रेवाले समोर बसवून आणतो. पायतो, कोण तिले खाली उतरवते."

दोन वर्षांनी तुझ्या घरातलं एक नाव त्यांच्या तोंडातून आलं, तेही असं.

पुण्यापर्यंत, नयन. मी रात्री झोपत नाही. गाडी त्यांच्या पैशांची, त्यांच्या नावावर, मी ती रद्द करू शकत नाही. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील असंही नाही. पण तू समोर उभा असलास तर कदाचित पुण्याला जायचं कारण उरणार नाही. दसरा गुरुवारी आहे. ये.

ताई

---

पुसद
६ ऑक्टोबर २०२५

नयन,

तू आला नाहीस. पत्र वेळेत पोचलं नसेल असं मी स्वतःला सांगतेय.

दसऱ्याला गाडी आणली. बाबांनीच चालवली, यवतमाळहून पुसदपर्यंत. मी डाव्या सीटवर बसून सगळा रस्ता बोलत होते. डावीकडे सायकल, डावीकडे बकऱ्या, डावीकडे ट्रॅक्टर. एकदाही ते म्हणाले नाहीत की गप्प बस. घरी पोचल्यावर मी किल्ली मागितली, त्यांनी मुकाट दिली. ती मी शाळेच्या पर्समध्ये ठेवली आणि पहिल्यांदा पोटभर जेवले. गाडीला दोन किल्ल्या येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटून घरी आले तर अंगण रिकामं. चिखलात चाकांच्या खुणा फाटकाबाहेर जाऊन दिग्रसच्या बाजूला वळलेल्या. फोन लावला, उचलला नाही. परत लावला, परत. मी स्कूटी काढली आणि निघाले. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता पुढं घोळका दिसेल. एका ठिकाणी रस्त्यात खरंच गर्दी होती. मी स्कूटी कडेला लावली. जवळ जाऊन बघितलं तर सोयाबीनची पोती ट्रॉलीतून सांडली होती, लोक ती गोळा करत होते.

तिथंच फोन वाजला.

"अपे, मले घ्यायले ये."

"कुठं आहात? लागलं का कोणाला?"

मागून गाडीचा पी पी असा आवाज येत होता. "नाई लागलं कोणाले. बाजाराच्या गावाच्या पुढं हावो. ये तू."

गावाच्या पुढं बाभळीखाली गाडी निम्मी रस्त्यावर, निम्मी खाली उतरलेली. चारही इंडिकेटर चालू. डावा आरसा वायरला लोंबत होता. बाबा स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते. गाडी बंद होती तरी पाय ब्रेकवर दाबलेला. मी दार उघडलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

हळूहळू बोलले. आठवडी बाजार भरला होता. माणसं दोन्ही अंगांनी खेटून चाललेली, गाडी सगळीकडून पी पी करून ओरडायला लागली. "पडद्यात पायलं तं समोरचं सुटे. समोर पायलं तं पडदा सुटे. मंग धाडकन आवाज आला." आरसा एका दुकानाच्या ताडपत्रीच्या बांबूला लागला होता. बांबू पडला. त्याच्या मागं एक म्हातारी मिरच्यांचा ढीग लावून बसली होती, जेमतेम हातभर अंतरावर.

"भांडली का ती?"

"नाई. तिनं मले पाणी देल्लं. म्हणे, बाबा, घाबरू नको." मग म्हणाले, "मी तिथून निघालो, हितपर्यंत आलो. आता मले समोरबी नेता येत नाही, मागंबी नेता येत नाही."

मी म्हटलं, "उतरा बाबा. तिकडून बसा."

ते उतरले, बॉनेटला हात लावत लावत पलीकडे गेले आणि डाव्या सीटवर बसले. स्कूटी मी बाजूच्या चहावाल्याकडे ठेवली. गाडी सुरू केली, ती बंद पडली. परत केली, परत बंद पडली. मला वाटलं आता ओरडतील. म्हणाले, "घाई नोको करू. अर्ध्यावर क्लच धर, गाडी थरथरली का सोड." सोडला. गाडी चालायला लागली. बाजार टाळून लांबच्या रस्त्यानं आलो. पुसद येईपर्यंत त्यांनी पट्टा दोन्ही मुठींत धरला होता.

काल दिवसभर गाडीकडे फिरकले नाहीत. थेंब मात्र वेळेवर घातले. आज मी शाळेतून आले तर म्हणाले, "कागद घे. नयनले लिही."

मी पेन शोधायला वळले. म्हणाले, "पोस्टमन शाळेत जायच्या आधी माह्याच संगं चहा पेते. मले कवापासून मालूम हाय."

खाली ते सांगताहेत तसं लिहिते.

नयन,

तुयी ताई अपेक्षा लिहून राह्यली, सांगून मी राह्यलो. गाडी चांगली हाय. आरसा बदलाले टाकला. तुयी ताई गाडी बरी चालवते, गियर टाकताना खाली पायते तेवढं सांगा लागते.

मांडवात तू बोलला तवा मले राग आला असं सगळ्यायले वाटलं. मी तसं वाटू देल्लं. राग नोता. भेव होतं. मले तवाच कमी दिसून राह्यलं होतं. मी हे कोणालेच समजू देल्लं नोतं. बैल मले खरंच दिसले नोते. तुले समजलं, हे मले तुया तोंडाकडं पाहून समजलं. घरात एकाले समजलं म्हणजे आता लपवता येत नाही, म्हून मी तुले घरातूनच काढलं. चूक तुयी नोती. फक्त चार लोकायत बोलाले नोको होतं.

दिवाळीले पोरीले अन् सूनबाईले घेऊन ये. ट्रॅव्हल्सनं ये. सकाळी स्टँडवर घ्यायले अपेक्षा येईन गाडी घेऊन. मी संगं येऊ का घरीच थांबू, तेवढं लिहून धाड.

बाबा